काळ्या पावाचा धडा

आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी परवा घरी आला होता. अर्थशास्त्र हा त्याचा विषय. परंतु पदवीने नोकरी दिली नाही, म्हणून मामाच्या हाताखाली तो फरशी बसवण्याचे काम शिकला आणि आता त्या कामात त्याचा हात चांगला बसला आहे. इस्रायलमध्ये बांधकामासाठी भारतीय कारागीर घेतात, महिन्याला लाख-सव्वा लाख रुपये सुटतात, ही माहिती त्याने जमवली होती. पगार, मुदत, विमा यांविषयी बरेच बोलणे झाले. निघताना मात्र तो उंबऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "सर, पैसे तं भेटतीन. पण तिकडे आपल्याले मानसात घेतीन काय?"

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. वेतनातील फरक, रोजगाराची संधी, घरी पाठवल्या जाणाऱ्या रकमा यांच्या आधारे आम्ही स्थलांतराची कारणमीमांसा वर्गात शिकवतो. माणूस गेल्यावर त्याचे काय होते, परक्या भूमीत तो रुजतो की नुसता राबतो, हा प्रश्न आमच्या कोष्टकांबाहेर राहतो. तथापि याच देशाच्या संदर्भात हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी मराठी बोलणाऱ्या एका समाजाने विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळवताना तो पुरता पोळून निघाला होता. ती हकिकत आज परदेशी निघालेल्या प्रत्येक तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

कोकणातून वाळवंटात

हा समाज म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या काही कुटुंबांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणातल्या गावोगावी त्यांनी तेलाच्या घाण्यांचा धंदा केला. शनिवार हा धर्माने विश्रांतीचा दिवस असल्याने त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. किहिमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, रोहेकर ही त्यांची आडनावेच त्यांची गावे सांगतात. इंग्रजी अमदानीत हा समाज शिकला, मुंबई-पुण्याला आला. पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत आणि इस्पितळांत नोकऱ्या करू लागला. १७९६ मध्ये त्यांचे पहिले सभास्थान मुंबईत उभे राहिले. डॉ. एलिजा मोझेस हे मुंबईचे महापौर झाले, डॉ. जेरुशा झिराड यांनी प्रसूतिशास्त्रात नाव मिळवले. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू आणि सणाला चिकाचा हलवा अशी त्यांची राहणी होती. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने करण्याचा प्रघातही त्यांच्यात होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. युरोपात ज्यू समाजाचा जो अनन्वित छळ झाला, त्याचा लवलेशही या मातीत नव्हता. १४ मे १९४८ रोजी इस्रायल स्थापन झाले आणि लवकरच बेने इस्रायल तेथे जाऊ लागले, ते कोणी हाकलले म्हणून नव्हे. ज्या भूमीचे नाव प्रार्थनेत पिढ्यान् पिढ्या घेतले ती भूमी हाक मारते आहे ही भावना होती. नव्या राष्ट्राच्या उभारणीत आपलाही हातभार लागावा ही तरुणांची उमेद होती. इंग्रज गेल्यानंतर आपल्या नोकऱ्यांचे काय होईल ही मध्यमवर्गीय चिंताही होती. फाळणीनंतरचा तो अस्थिर काळ पाहता यांपैकी कोणत्याही कारणाला नावे ठेवता येणार नाहीत.

पांढरा पाव, काळा पाव

ज्या देशात ही मंडळी उतरली तो देश स्वतःच उघड्यावर संसार मांडून बसला होता. स्थापनेच्या वेळी तेथील ज्यू लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. पुढल्या साडेतीन वर्षांत जवळजवळ सात लाख माणसे बाहेरून आली. कोणत्याही देशाने साडेतीन वर्षांत आपल्याएवढेच पाहुणे घरात घेतल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. निर्वासितांचे तंबू आणि पत्र्याच्या छावण्या सगळीकडे पसरल्या होत्या. १९४९ पासून अन्नधान्याचे आणि नंतर कपड्यांचेही रेशनिंग सुरू झाले होते. घरे नव्हती, कामे नव्हती. जी होती ती रस्ते फोडण्याची, झाडे लावण्याची आणि दगड वेचण्याची होती.

मुंबईच्या कचेरीत खुर्चीवर बसून टिपणे लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती येथे कुदळ आली. त्याचे इंग्रजी चालेना, मराठी तर कोणाला कळेचना. हिब्रू त्याला प्रार्थनेपुरती वाचता येत होती, पण बाजारात भाजी घेण्याइतकी बोलता येत नव्हती. तरीही केवळ श्रमामुळे ही माणसे खचली असती असे मला वाटत नाही. आपल्याला वेगळे मोजले जाते, ही जाणीव त्यांना जास्त लागली. नेगेवच्या वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बीरशेबा येथे आलेल्या भारतीय कुटुंबांच्या तक्रारींत कामाची आणि घराची तक्रार होती, तशीच पावाचीही होती. युरोपातून आलेल्यांना पांढरा पाव देतात आणि तुम्ही काळे म्हणून काळाच पाव खा, असे आम्हांला सांगतात, हा त्यांचा आरोप होता.

टंचाईच्या काळात काळा पाव बहुतेकांच्याच ताटात होता, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. परंतु उपासमार सोसणारी माणसे अपमान सोसत नाहीत, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९५१ च्या अखेरीस या मंडळींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले. मागणी एकच होती : आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा. गांधींच्या देशातून आलेली माणसे गांधींचेच हत्यार घेऊन ज्या देशाला मायभूमी मानले त्याच्याच दारात बसली होती! अखेर १९५२ मध्ये शंभरावर माणसांना विमानाने मुंबईला परत आणण्यात आले.

कहाणीचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. परतलेल्यांपैकी अनेकांनी काही काळाने पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले आणि ते गेलेही. याला धरसोड म्हणून हसणे सोपे आहे. परंतु गाव सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याची जागा भरलेली असते. नोकरी दुसऱ्याला मिळालेली असते, खोली दुसऱ्याने घेतलेली असते. आणि 'काय, परत आलात?' या साध्या प्रश्नातही एक बारीक काटा असतो. स्थलांतराचा हिशेब करताना जाण्याचा खर्च सगळे धरतात. परतण्याची किंमत कोणी धरत नाही.

परतीचे तिकीट

याच देशात याच श्रमांचे अगदी वेगळे चित्रही दिसले. ते किबुत्झचे होय. किबुत्झ म्हणजे सामुदायिक मालकीची वसाहत. पहिली देगानिया येथे १९१० मध्ये स्थापन झाली. जमीन सगळ्यांची, जेवणघर एक, काम वाटून, खासगी वेतन नाही. या प्रयोगाचे आकर्षण भारतातही होते. जयप्रकाश नारायण १९५८ मध्ये इस्रायलला जाऊन आले, आणि १९६० मध्ये सर्वोदयी कार्यकर्त्यांचे एक पथक या वसाहतींच्या अभ्यासासाठी तेथे सहा महिने राहिले. भूदान-ग्रामदानाच्या त्या भारावलेल्या काळात पवनार-सेवाग्रामच्या वाटेवरील माणसाला किबुत्झचे कुतूहल वाटावे हे स्वाभाविकच होते.

१९६७ च्या जूनमधील युद्धानंतर तर जगभरातील तरुण स्वयंसेवकांची तेथे रीघ लागली. ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया येथील विशी-बाविशीतील मुलेमुली पाठीवर पिशवी अडकवून येत. पहाटे उठून संत्री-केळीच्या बागांत राबत, गोठा साफ करत, शेकडो माणसांच्या जेवणघरातील भांडी घासत. मोबदला म्हणजे राहणे, जेवणे आणि किरकोळ हातखर्च. काही महिने राहायचे, चार नवे मित्र जोडायचे आणि परतायचे. पुढील काही दशकांत असे लाखो स्वयंसेवक येऊन गेले, आणि त्यांतील पुष्कळांनी ते दिवस आयुष्यातील सुखाचे दिवस म्हणून सांगितले.

भांडी तीच, बागाही तशाच आणि ऊनही तेच. मग एकाला जे सुखाचे वाटते ते दुसऱ्याला अपमानाचे का वाटावे? माझ्या मते याचे उत्तर खिशातल्या परतीच्या तिकिटात आहे. स्वयंसेवकाने श्रम स्वतः निवडलेले असतात आणि ते संपण्याची तारीख त्याला ठाऊक असते. भांडी घासल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट घरी गेल्यावर सांगण्यासारखे काही हाती लागते. मुंबईची खोली सोडून बायकामुलांसह आलेल्या कारकुनाला मात्र कुदळ ही आपल्या उरलेल्या आयुष्याची निशाणी वाटते. श्रमाची प्रतिष्ठा श्रमात नसते. तो करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा किती, यावर ती ठरते.

किबुत्झच्या बाबतीत आणखी एक सत्य सांगितलेच पाहिजे. समतेचा हा प्रयोग कितीही उज्ज्वल असला तरी आशिया-आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंपैकी फार थोडे तेथे स्थिरावले. त्यांच्या वाट्याला मुख्यतः वाळवंटातल्या नव्या गावांतले कारखाने आले. पुढे १९८० नंतरच्या भयंकर महागाईत आणि कर्जांच्या ओझ्याखाली किबुत्झही वाकले. कित्येकांनी वेतनातील तफावत स्वीकारली. खुद्द देगानियाने २००७ मध्ये ती वाट धरली. समतेची संस्था उभारणे कठीण. ती नव्या माणसालाही लागू करणे त्याहून कठीण, हाच याचा अर्थ.

मान मागून मिळाला

पाव आणि कुदळ यांचे प्रश्न काळाबरोबर सौम्य झाले. परंतु १९६२ मध्ये त्याहून मोठा घाव बसला. बेने इस्रायलांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश तेथील मुख्य धर्मपीठाने काढला. शतकानुशतके मुख्य ज्यू समाजापासून दूर राहिल्यामुळे विवाह-घटस्फोटाचे धर्मनियम यांनी पाळले असतील की नाही, अशी शंका घेण्यात आली होती. ज्या धर्मासाठी देश सोडला त्या धर्मातच आपण खरे की खोटे, हे सिद्ध करण्याची पाळी आली! जातीच्या उतरंडीत जगलेल्या भारतीय माणसाला या प्रश्नाचा डंख वेगळा समजावून सांगायला नको.

या वेळी मात्र कोणी परत पाठवण्याची मागणी केली नाही. हा बारा वर्षांतला फरक फार महत्त्वाचा आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणची कुटुंबे बायकामुलांसह जेरुसलेमला आली आणि तेथे त्यांनी तळ ठोकला. या वेळची त्यांची भूमिका अशी होती की आम्ही येथलेच आहोत, आणि म्हणूनच येथला पूर्ण हक्क आम्हांला पाहिजे. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्व बाबतींत समान ज्यू आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठानेही आदेशातून या समाजाचा खास उल्लेख वगळला.

माणूस परक्या भूमीत केव्हा रुजला म्हणावे, याची कसोटी मला येथे दिसते. 'मला घरी जाऊ द्या' म्हणणारा माणूस अजून पाहुणा असतो. 'हे माझे घर आहे, येथे मला न्याय द्या' असे भांडून म्हणतो त्या दिवशी तो तेथला होतो. त्यांचे रुजणे सुरू झाले ते या भांडणापासून.

आणि रुजताना त्यांनी मुळे तोडली नाहीत. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, रामले, लोद येथे त्यांच्या वस्त्या वाढल्या. कोणी कापडाच्या गिरणीत, कोणी विमानांच्या कारखान्यात, कोणी रुग्णालयात लागले. मुलांना हिब्रू आली, लष्करातील सक्तीच्या सेवेने ती इतरांच्या बरोबरीला आली. घरात मात्र मलिद्याचा विधी राहिला, पोहे राहिले, क्रिकेट राहिले. इतके की इस्रायलमधील क्रिकेट बव्हंशी भारतीयांनीच जिवंत ठेवले. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघू लागले. भारतात ज्यू आज नाममात्र उरले आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या ८५ हजारांच्या घरात सांगितली जाते आणि त्यांतील सर्वांत मोठा गट मूळच्या या मराठी भाषकांचा आहे.

आजचा जाणारा

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. त्याची परिस्थिती बेने इस्रायलांसारखी नाही आणि किबुत्झच्या स्वयंसेवकासारखीही नाही. त्याला तेथे नागरिक व्हायचे नाही, आणि हौसेने तर तो मुळीच जात नाही. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२ हजार भारतीय कामगारांना बांधकाम आणि शुश्रूषा या क्षेत्रांत प्रवेश देण्याचा करार झाला. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि त्यानंतरचे युद्ध यांमुळे हजारो पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने स्थगित झाले, त्यांच्या जागा रिकाम्या पडल्या आणि भारतीय भरतीला वेग आला. हरियाणा-उत्तर प्रदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातही भरतीचा फेरा आला. शटरिंग, लोखंड वाकवणे, गिलावा आणि फरशी अशी कामे होती. भारतातील कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला. युद्धभूमीवर माणसे पाठवू नका, आणि दुसऱ्याच्या हिरावलेल्या रोजगारावर आपल्या मुलांना बसवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये उत्तर इस्रायलमधील एका बागेवर क्षेपणास्त्र पडून केरळचा एक तरुण कामगार मरण पावला, तेव्हा पहिला आक्षेप पोकळ नव्हता हे दिसले. दुसरा आक्षेपही टाळता येण्यासारखा नाही. १९४८ साली ज्या भूमीवर नव्या वसाहती उठल्या तेथून सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले होते. एकाचे रुजणे आणि दुसऱ्याचे उखडणे या तेथे शेजारी-शेजारी घडलेल्या गोष्टी आहेत.

हे सगळे मी त्याला सांगितले. त्याचा प्रतिप्रश्न थोडक्यात असा होता : येथे वर्षातले किती दिवस काम असते, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? ठाऊक आहे. सोयाबीनचा भाव पडला की गावातली बांधकामे थांबतात आणि फरशीवाला घरी बसतो. ज्याच्या हाताला काम नाही त्याला नीतीची प्रवचने झोडण्याचा अधिकार पगारी प्राध्यापकाला फारसा नाही. म्हणून 'जाऊ नकोस' असे मी म्हणालो नाही. जाण्यापूर्वी काय करायचे, एवढेच सांगितले.

करारनामा स्वतःला कळणाऱ्या भाषेत वाचून घे, आणि कळल्याशिवाय सही करू नकोस. दलालाला देण्यासाठी शेत गहाण टाकू नकोस. कर्ज काढून गेलेल्याला मालक कितीही वाईट निघाला तरी काम सोडता येत नाही, आणि 'नाही' म्हणण्याची ती मुभा गेली की श्रमाची वेठ होते. तिथली बोलभाषा जाण्याआधी तीन महिने शीक. इस्रायलने १९४९ पासून नवागतांसाठी हिब्रूचे खास वर्ग काढले, किबुत्झमध्ये तर अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस भाषा अशी सोय केली, ती उगाच नव्हे. भाषा येत नाही त्याला आपली तक्रारही सांगता येत नाही. चार आपली माणसे जोड, पण त्यांच्यातच कोंडून घेऊ नकोस. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे पहिल्या पगारापासून वेगळे ठेव; त्यांना कशालाही हात लावू नकोस.

शासनाचेही काही कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. उद्या असे आणखी करार होतील. मनुष्यबळ हा शब्द मला खटकतो. बळ निर्यात करता येते. परंतु बळाबरोबर जाणाऱ्या माणसाला भाषा, कायद्याची माहिती आणि अडचणीत हाक मारण्याची जागा लागते. त्यासाठीची शिकवणी मुंबई-पुण्यात ठेवून आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मुलांचे भागणार नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि महाविद्यालयात ती आली पाहिजे. मिळणाऱ्या रकमांचे आकडे आपण अभिमानाने मोजणार असू, तर परत आलेल्यांची नोंद ठेवून त्यांना पुन्हा उभे करणे हेही आपल्याच हिशेबात धरले पाहिजे.

आपल्या दारचा पाहुणा

राहता राहिला मूळ प्रश्न. तिकडे माणसात घेतील काय? मी त्याला खरे तेच सांगितले. कोणी आपणहून घेत नाही. बेने इस्रायलांना बारा-पंधरा वर्षे लागली, आणि ते तर त्या देशाचे हक्काचे नागरिक होते. मुदतीच्या कामगाराला नागरिकाचा मान कोणताच देश सहजी देत नाही. मात्र कराराने, कायद्याने आणि संघटनेने जेवढा मान मिळवता येतो तेवढा सोडू नये.

तो गेल्यावर मला दुसराच प्रश्न छळू लागला. आमच्या या मंगरूळपीर गावाच्या नावातच एका कलंदराची दर्गा आहे, आणि कलंदर म्हणजे मुळातच घरदार सोडून फिरणारा फकीर. त्या आठवणीवर गावाचे नाव चालते. परंतु सोयाबीनच्या सोंगणीला बाहेरून टोळ्या येतात तेव्हा त्यांच्या झोपडीला पाण्याचा नळ कोण देतो? त्यांच्या मुलाला महिनाभर का होईना, शाळेत कोण बसवून घेतो? ते ज्या पेल्यातून चहा पितात तो पेला वेगळा ठेवलेला नसतो ना?

परदेशात आपल्या मुलांना कोणता पाव मिळेल याची काळजी आपण जरूर करावी. तीच काळजी आपल्या धुऱ्यावर उतरलेल्या परक्या माणसाबद्दलही वाटली, तर काळ्या पावाचा धडा आपण खरोखर शिकलो असे म्हणता येईल.